कोवळी ज्वारी, जांभळा कांदा आणि पेशीचा पडदा

आठवीच्या विज्ञानात 'पेशी व पेशीअंगके' हा धडा आहे आणि त्याच्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे सुबक व नामनिर्देशित आकृती काढा. पोरं काढतात, खरंच छान काढतात. केंद्रक गोल, तंतुकणिका लांबट आणि तिच्या आत नागमोडी रेघ, हरितलवक हिरव्या पेन्सिलीनं, मधली रिक्तिका मोठी मोकळी, पट्टी धरून मारलेले बाण आणि बाणापुढं नाव. पूर्ण मार्क. पण त्या आकृतीतली जवळजवळ प्रत्येक रेघ हा एक पडदा आहे, आणि तो तिथं कशासाठी आहे असं विचारलं की वर्ग गप्प. यात पोरांचा काही दोष नाही, रेघ म्हणजे भागाचा आकार एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. वर्गातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, बाकीची मराठी. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर असतात. ह्या पोरांना गाईडमधलं 'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र' पाठ असतं आणि ते लिहून मार्क मिळतात म्हणून त्याच्या पुढं कुणी जात नाही. माझं मत ठाम आहे की पेशी शिकवायला सुरुवात पडद्यापासून करावी. केंद्रक नंतर, नावं तर सगळ्यात शेवटी. कारण जिवंत असणं म्हणजे काय याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे की काही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या, आणि त्या वेगळ्या राहाव्यात म्हणून दर क्षणाला खर्च करत राहायचं. हे एकदा कळलं की बाकीचा अर्धा धडा पोरं आपणच जोडत जातात.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. तिथली ज्वारी सगळ्यांना माहीत आहे, भारी काळं रान, पाऊस पडून गेल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच येणारं मालदांडीचं पीक. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडं होते आणि मामाची गाय दावं सोडवून शेजारच्या रानात घुसली. ज्वारी गुडघ्याच्या खालीच होती, परतीच्या पावसानं दगा दिलेला त्यामुळं पानं सुकून वळलेली. गाय परत आणून बांधली आणि थोड्या वेळात तिला धाप लागली, तोंडाला फेस आला, पाय लटपटायला लागले आणि बसली ती उठेचना. मामी गुळाचं पाणी करायला धावली. मामा म्हणाले, "पोंगे खाल्ले गं हिनं, किराळ लागली." म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा झाली. जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले, त्यांनी पहिल्यांदा गाईची पापणी उलटून बघितली, आतली कातडी लालभडक झालेली. मग मानेच्या शिरेत सुई घातली. सुईतून जे रक्त आलं ते मी जवळून बघितलं. शिरेतलं रक्त काळपट लाल असायला पाहिजे, हे चमकदार लाल होतं, धमनीतून यावं तसं. दोन इंजेक्शनं शिरेतून हळूहळू दिली, गाय वाचली. जाताना डॉक्टरांनी मामांना सांगितलं, फुलोऱ्यात येईपर्यंत त्या रानाकडं जनावर फिरकू देऊ नका, चांगला वाळवलेला कडबा घाला, त्यानं काही होत नाही. मामांना ते ठाऊक होतंच, गावात सगळ्यांनाच ठाऊक असतं.

आता विचार करा, त्या रानात ज्वारी उभी होती. हिरवी होती, वाढत होती, तिच्या पानात विष तयार होत असेल तर ती स्वतः कशी मरत नाही? हा प्रश्न मी वर्गात टाकते आणि मग त्या तासाला पोरांना गप्प करावं लागतं इतकी उत्तरं येतात.

खरी गोष्ट अशी आहे की कोवळ्या ज्वारीत तयार विष जवळजवळ नसतंच. असतं ते धुरिन नावाचं एक रसायन, साखरेच्या रेणूला जोडून ठेवलेलं, निरुपद्रवी. रसायनशास्त्रज्ञांनी ते १९०२ मध्येच ज्वारीतून वेगळं काढलं होतं. हे धुरिन पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पडदा असलेल्या साठवणीच्या पिशवीत, साठवलेलं असतं. त्याला तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ते त्याच पानात पण आतल्या थरातल्या पेशींमध्ये असतं. १९७९ साली संशोधकांनी पानाचे थर वेगवेगळे करून हे दाखवून दिलं. दोन्ही वस्तू एकाच पानात, मधलं अंतर मिलिमीटरच्याही छोट्या भागाएवढं, आणि मध्ये फक्त पडदे. गाय पान चावते, पेशी फुटतात, पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष सुटायला लागतं. म्हणजे विष ज्वारीनं केलेलं नाही, ते गाईच्या दाढेखाली झालं. ज्वारीनं केलं ते एवढंच की दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. कोवळं असताना हे धुरिन जास्त असतं, पाण्याचा ताण पडला की आणखी वाढतं, पीक मोठं होईल तसं कमी होत जातं आणि कडबा नीट वाळला की त्यातलं बरंचसं विष उडून गेलेलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं इथं बसतं.

कांद्याचंही असंच आहे पण उलट्या बाजूनं. कांद्यात विकर रिक्तिकेत असतं आणि ज्याच्यावर ते काम करतं ते गंधकवालं रसायन बाहेर पेशीद्रवात. सुरीनं चिरलं की दोन्हीची गाठ पडते, त्यातून एक कच्चा पदार्थ होतो आणि मग आणखी एक विकर त्याचा डोळ्यात जाणारा वायू करतं. हे दुसरं विकर जपानमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं, त्याच्या आधी सगळे समजत होते की ती पायरी आपोआपच होते. अख्खा कांदा टोपलीत महिनाभर पडून राहिला तरी कुणाच्या डोळ्यात पाणी येत नाही. सोलापूरचं कांद्याचं मार्केट केवढं मोठं आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, सिझनला गाड्यांची रांग रस्त्यावर येते, तिथं पोती उतरवणाऱ्या हमालाला नुसत्या कांद्याचा त्रास होत नाही, फुटलेल्या आणि सडलेल्या कांद्याचा होतो.

आणि कांदा आहे म्हणूनच शाळेत पेशी दाखवता येते. नेहमी पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा घेऊन त्याच्यावर आयोडीन टाकतात. मी लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची बाजू घेते, तिच्यावरचा पापुद्रा जांभळा असतो आणि त्याला कुठलाच रंग द्यावा लागत नाही कारण जांभळा रंग रिक्तिकेत आपणच विरघळलेला असतो. नखानं एक छोटासा तुकडा काढायचा, काचपट्टीवर पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि शंभरपट मोठं करून बघायचं. लांबट खोल्या एकाला एक लागून, प्रत्येक काठोकाठ जांभळी भरलेली. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून साधं पाणी ओढून घ्यायचं. सूक्ष्मदर्शीला डोळा लावून बसलेली एक मुलगी एकदम ओरडली, "मॅडम, आकसायलंय बघा आतलं! भिंत तिथंच हाय, जांभळं सुटून मध्ये यायलंय!" सगळा वर्ग तिच्यावर येऊन पडला. जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटत जातो, गोल होत जातो, आणि जितका लहान होतो तितका गडद होतो कारण पाणी बाहेर गेलं पण रंग आतच राहिला. ह्याला पुस्तकात रससंकोच म्हणतात. पाणी पडद्यातून गेलं, रंग गेला नाही, मीठ आत शिरलं नाही. एवढ्या एका दृश्यात पडदा निवड करतो ही गोष्ट डोळ्यांना दिसते. परत साधं पाणी दिलं, फार वेळ घालवला नसेल तर, जांभळं पुन्हा फुगून भिंतीला टेकतं.

त्याच्यानंतर मी दुसरा तुकडा घेते आणि तो उकळत्या पाण्यात बुडवून काढते. काचपट्टीवर ठेवला की भिंती सगळ्या जागेवर, खोल्या तशाच, पण जांभळा रंग नाही. तो भांड्यातल्या पाण्यात उतरलेला असतो. आता मीठ टाका नाहीतर काही टाका, काही आकसत नाही. पेशी मेली. केंद्रक तिथंच आहे, भिंत तिथंच आहे, डीएनएसुद्धा तिथंच आहे, गेला फक्त पडद्याचा ताबा. जिवंत आणि मेलेलं यातला फरक पोरांना इतक्या कमी खर्चात दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये बुचाच्या कापात ज्या पेशी बघितल्या त्या अशाच होत्या, नुसत्या भिंती उरलेल्या, आतलं सगळं गेलेलं.

पडदा मात्र ह्या सूक्ष्मदर्शीतून दिसत नाही. आपल्याला दिसते ती जांभळ्या रंगाची कड. पडद्याची जाडी पाच ते दहा नॅनोमीटर, आणि प्रकाशावर चालणारा कुठलाही साधा सूक्ष्मदर्शी दोनशे नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवू शकत नाही. मग तो आहे हे कळलं कसं? मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप आहे. १९२५ साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल रक्तपेशी घेतल्या, माणसाच्या, कुत्र्याच्या, शेळीच्या, मेंढीच्या, आणि त्यातला मेद काढून तो पाण्यावर एकेरी थरात पसरवला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पडद्यात मेदाचे दोन थर असणार. नंतर लक्षात आलं की त्यांनी मेद पूर्ण काढला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही कमी धरला होता, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या, पण उत्तर बरोबरच होतं. त्या मेदाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडं ओढलं जातं आणि दोन शेपट्या पाण्यापासून लांब पळतात, म्हणून पाण्यात टाकले की ते रेणू आपणच शेपट्या आत करून दोन थरांत उभे राहतात. कुणी बांधावं लागत नाही. आणि त्या थरात जागोजागी प्रथिनं रुतलेली असतात, ती सरकतात, फिरतात. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सननी हे चित्र नीट मांडलं. कोण आत येणार, कोण बाहेर जाणार हे बहुतेक ह्या प्रथिनांवर ठरतं. पाण्यासाठीसुद्धा वेगळी प्रथिनं आहेत, ती शोधणाऱ्या पीटर अॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं.

जीवरसायनशास्त्र म्हणून शाळेत जे येतं ते कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिक आम्लं असा तक्ता येतो, कशात काय मिळतं, किती कॅलरी, झालं. पण त्यातला एक प्रश्न मी नेहमी विचारते की ज्वारी दाण्यात पिष्ट का साठवते, सरळ ग्लुकोजच का नाही ठेवत? परत पडदाच. पाणी कुठं जाईल हे पडद्याच्या दोन्ही बाजूंना विरघळलेले कण किती आहेत त्याच्यावर ठरतं, कण केवढे मोठे आहेत त्याच्यावर नाही. हजारो ग्लुकोज सुटे ठेवले तर हजारो कण, तेवढं पाणी आत ओढलं जाणार. तेच एका लांब साखळीत गुंफून पिष्ट केलं तर एकच कण, आणि तोही न विरघळणारा. आपल्या यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचीच साखळी, ठेवलेलं असतं ते ह्याच कारणानं. भाकरीचा तुकडा तोंडात बराच वेळ चावत राहिलं की गोड लागतो, लाळेतलं विकर ती साखळी तोडायला लागलेलं असतं. कडक भाकरी घेऊन करून बघा, पोरांना डब्यातल्या भाकरीवर विज्ञान करायला फार आवडतं.

उन्हाळा हा आमच्याकडं वेगळाच विषय आहे. एप्रिलमध्येच पारा चाळीसच्या वर, मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस, आणि मागाच्या शेडमध्ये त्याहून वाईट. जुलाब, उलट्या, पाणी कमी पडणं हे घरोघरी. म्हणून ओआरएसचा, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा, तास मी परीक्षेला असो नसो घेतेच. आतड्याच्या पेशीच्या पडद्यात एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आत घेतं पण एकट्याला नाही, दोन सोडियम आयनांबरोबरच. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत गेले की त्यांच्यामागं पाणी जातं. आणि कॉलऱ्यात इतकं पाणी बाहेर टाकलं जात असतानासुद्धा हे वाहक प्रथिन चालूच असतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते ड्रममधून लोकांना प्यायला दिलं. तिथला मृत्यूदर तीस टक्क्यांच्या घरात होता तो ३.६ टक्क्यांवर आला. सुशिक्षित घरात हे नाव ऐकलेलं नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा सपाट चमचा मीठ. नुसतं साखरपाणी नाही, नुसतं मीठपाणी नाही, जोडी पाहिजे. आणि जास्त गोड केलं तर जास्त चांगलं असं तर मुळीच नाही, आतड्यात साखरेचे कण फार झाले की पाणी पेशीतून उलटं आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. जुलाब झालेल्या पोराला बाटलीतलं गोड कोल्ड्रिंक देणारी माणसं मी बघते, प्रेमानंच देतात, पण त्यानं नुकसान होतं. एका मुलीनं हे ऐकून घरी जाऊन आजीला सांगितलं, आजी म्हणाली की आम्ही ताकात मीठ घालून देतोच की. द्या म्हणलं, जरूर द्या, पण पोर मलूल झालं, लघवी बंद झाली तर ताकावर राहू नका, दवाखाना गाठा.

आता ते वाहक प्रथिन चालायचं असेल तर पेशीच्या आत सोडियम कमी असलं पाहिजे, नाहीतर ते आत यायचंच नाही. आणि ते कमी ठेवायला पडद्यात आणखी एक प्रथिन सतत राबत असतं, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दर वेळी एक एटीपी खर्च, एटीपी म्हणजे पेशी ऊर्जा ज्याच्या रूपात खर्च करते तो रेणू. येन्स स्कौ यांनी ते १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूत शोधलं. आपण नुसते पडून असतो तेव्हासुद्धा शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा ह्या एका कामात जातो. काही न करता भूक का लागते असं पोरं विचारतात, त्याचं बरंचसं उत्तर हे आहे.

एटीपी म्हणलं की माझ्या वर्गात मी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याबद्दल सांगते, आणि तेलुगू नाव ऐकलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसतात. १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करायचा. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे ते मोजायची त्या दोघांची पद्धत आजही शिकवली जाते. त्याच पद्धतीनं शोधता शोधता त्यांना स्नायूत आधी फॉस्फोक्रिएटिन सापडलं आणि मग १९२९ मध्ये एटीपी, त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे मिळालं. पुढं सुब्बारावांच्या हाताखालच्या लोकांनी फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार केलं, रक्ताच्या कॅन्सरवर वापरलेलं अमिनोप्टेरिन केलं, आणि हत्तीरोगावरचं डीईसी, जे सरकारी मोहिमेत आरोग्यसेविका घरी येऊन समोर गिळायला लावतात ते. १९४८ मध्ये ५३ व्या वर्षी ते गेले. नोबेल मिळालं नाही. एका मुलानं विचारलं, "आमच्यातले होते का?" भाषा तुझीच होती, म्हणलं. त्या दिवशी त्याच्या वहीवर ते नाव तेलुगू अक्षरात लिहिलेलं मी बघितलं.

एटीपी तयार होतं कुठं? थोडंसं पेशीद्रवात, ग्लुकोजचे दोन तुकडे होताना, आणि बाकीचं बहुतेक तंतुकणिकेत. एका ग्लुकोजमागं ३८ एटीपी असं जुन्या पुस्तकांत आहे, आता ३० ते ३२ धरतात. आणि ती आकृतीतली नागमोडी रेघ, जी पोरं हौसेनं काढतात, तीच खरी जागा. ती रेघ म्हणजे तंतुकणिकेचा आतला पडदा. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन त्या पडद्यातल्या प्रथिनांवरून एकापाठोपाठ एक पुढं जातात, शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. त्या वाटेत जी ऊर्जा सुटते ती वापरून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पडद्याच्या पलीकडं ढकलले जातात. पलीकडं प्रोटॉन साठत जातात, इकडं कमी, आणि मध्ये तो पडदा. उजनीच्या भिंतीमागं पाणी अडवतात आणि ते एकाच वाटेनं सोडून खाली वीज करतात, तसंच प्रोटॉनना परत यायला एकच मोठी वाट आहे, एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. त्यातून प्रोटॉन येताना ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं आणि फिरता फिरता एटीपी बनवतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा बऱ्याच जणांनी मानलंच नाही, १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाला चमकणारा तंतू चिकटवून ते फिरताना प्रत्यक्ष चित्रित केलं. माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाएवढं एटीपी बनवतो आणि मोडतो. कोणत्याही एका क्षणी अंगात असतं ते अगदी थोडं.

आणि गाईला काय झालं ते आता सांगता येतं. सायनाइड जाऊन बसतं ते इलेक्ट्रॉनच्या वाटेतल्या शेवटच्या प्रथिनावर, सायटोक्रोम ऑक्सिडेजवर, त्यातल्या लोहाला धरून. ऑक्सिजन समोर असून घेता येत नाही. रक्त ऑक्सिजन घेऊन जातं आणि तसंच परत येतं, म्हणून शिरेतलं रक्त लाल, म्हणून पापणीच्या आत लालभडक. इलेक्ट्रॉन थांबले की प्रोटॉन ढकलणं थांबलं, पडद्याच्या दोन बाजूंमधला फरक मिटत गेला, एटीपी थांबलं, सोडियम बाहेर टाकणं थांबलं. डॉक्टरांच्या इंजेक्शनमधलं सोडियम नायट्राइट रक्तातल्या थोड्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, ते बदललेलं हिमोग्लोबिन सायनाइडला स्वतःकडं ओढून घेतं, आणि दुसरं औषध, सोडियम थायोसल्फेट, त्याला गंधक पुरवतं. मग शरीरातलंच एक विकर सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीतून जातं. ज्वारीच्या पानातला एक पडदा फाटला आणि गाईच्या अब्जावधी तंतुकणिकांच्या पडद्यांवरचं काम बंद पडत चाललं होतं, हे मी फळ्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढून सांगते. त्या तासाला वेळ कमी पडतोच.

मिठाच्या पाण्यात आकसणारं जांभळं जिनं पहिल्यांदा बघितलं होतं त्याच मुलीनं धडा संपताना विचारलं, "मॅडम, पण पडदा पहिल्यांदा आला कुठनं?" हा प्रश्न कुठल्याच प्रश्नपेढीत नाही. मी तिला सांगितलं, तुझ्या पेशीचा पडदा आईच्या अंडपेशीच्या पडद्यातून वाढत आला. डीएनएमध्ये मेद बनवणाऱ्या विकरांची माहिती आहे, पडद्यातल्या प्रथिनांची आहे, पण नव्यानं कोऱ्या जागी पडदा उभा करायची युक्ती पेशीकडं नाही, ती असलेल्याच पडद्यात भर घालते आणि मग दोन करते. आईचा आजीकडून, आजीचा पणजीकडून. तंतुकणिकेचे दोन पडदे तर वेगळीच गोष्ट सांगतात, फार पूर्वी एका पेशीच्या आत राहायला आलेल्या जीवाणूची, लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ती जोरानं मांडली आणि आता सगळे मानतात.

"आणि सगळ्यात पहिला?" ती सोडायला तयार नव्हती. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ एक उल्का पडली होती. डेव्हिड डीमर यांनी तिच्या तुकड्यातून निघालेले मेदासारखे पदार्थ पाण्यात टाकून बघितले तर त्यांचे आपोआप बंद फुगे झाले, पडदा असलेले, १९८५ मध्ये त्यांनी ते छापलं. म्हणजे पडदा व्हायला जिवंत असावंच लागतं असं नाही. पण नुसता फुगा आणि पेशी यांच्यामध्ये काय काय घडलं ते शोधायचं काम अजून चालू आहे, प्रयोगशाळांमधून माणसं आत्ता त्याच्यावर बसलेली आहेत. दहावीनंतर सायन्स घे, म्हणलं तिला, आणि कुणी काही सांगितलं तरी बायोलॉजी सोडू नको.